वाऱ्याआधी येणारी भानूताई

भानूताईने मला कधी नावाने हाक मारली नाही. नाव तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत ती माझ्या दोन वर्ग पुढे होती, आणि चिंचणीजवळच्या आमच्या आळीत तिचं घर आणि माझं सासर यांच्यामध्ये बोंबील सुकवायच्या वलांडींची एक रांग तेवढी होती. पण मी अंगणवाडीत सेविका, म्हणून तिच्या लेखी मी ‘अंगणवाडी’. सरपंच म्हणजे ‘खुर्ची’. बाकीच्या आळीला तिने ठेवलेली नावं ऐकून बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, ही बाई भांडणं काढायलाच जन्मली आहे. शेवंतीकाकू ‘गुडघे’. तिची जाऊ ‘दमा’. नितीन नाखव्याची बायको सातव्या महिन्यात होती, ती ‘पोट’. मोतीबिंदू झालेले एक निवृत्त मास्तर होते, त्यांना ती सरळ ‘आंधळे’ म्हणायची, तेही त्यांच्याच ओट्यावर बसून.

मी एकदा तिला म्हटलं, अगं, लोकांना लागतं हे. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“वादळात मला नावं आठवून काय करायचंय?” ती म्हणाली. “कोण कशाने मरणार तेवढं लक्षात राहायला हवं.”

ती एका संस्थेत कामाला होती. वादळाला, उधाणाला, दरवर्षी थोडं आत सरकणाऱ्या समुद्राला किनाऱ्यावरच्या गावांनी कसं तोंड द्यायचं हे शिकवणं, हे संस्थेचं काम. तलासरीकडे जिथे जमीन अधूनमधून हादरते, तिथल्या पाड्यांवरही तिची फेरी असायची. काही दिवस समुद्र, काही दिवस डोंगर. त्याआधी तिने तारापूरच्या एका कारखान्यात यंत्रापाशी वर्षं काढली होती आणि तिथेच तिचा डावा कान गेला होता. त्यामुळे ती बोलायची ते ओरडूनच. बुटकी, रुंद, साडीखाली रबरी बूट आणि बारा महिने हातात पुरुषी छत्री. छत्री पावसासाठी कमी, माणसांना ढोसण्यासाठी जास्त.

समुद्र आळीत शिरतोय हे सगळ्यांना दिसत होतं. सुरूची पुढची झाडं मुळं उघडी पडून आडवी झाली होती, बंधाऱ्याचे दगड खाली घसरले होते. पण दिसणं वेगळं आणि तोंडाने म्हणणं वेगळं. भानूताईने एके दिवशी चुन्याची पिशवी आणली आणि वादळात पाणी ज्या वाटेने आत शिरेल त्या वाटेची रेघ आळीतून ओढत नेली. रेघ अंगणांतून गेली, विहिरीच्या काठावरून गेली आणि रतनच्या नव्या घरापाशी आली तरी थांबली नाही. ओट्यावर चढली, उंबऱ्यावरून आत शिरली, देव्हाऱ्यापुढून जाऊन मागच्या दाराने बाहेर पडली. वर तिने भिंतीवर पाणी चढेल त्या, कमरेएवढ्या उंचीवर गेरूची खूण केली. दुसऱ्या दिवशी रतनच्या मुलीला बघायला वाणगावहून पाहुणे येणार होते. रतन हात जोडून म्हणाली, बाहेरून मार, घरात नको. भानूताईने विचारलं, पाणी दारात चपला काढून थांबणार आहे का?

रतनने लादी घासून काढली, पण गेरू नव्या रंगात मुरला तो निघाला नाही. पाहुण्यांनी विचारलं, ही कसली खूण. रतन काही बोलायच्या आत भानूताईने वलांडीपाशी उभं राहून मोठ्या आवाजात सांगून टाकलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, घराची वाखाणणी केली आणि पुन्हा कधी निरोप पाठवला नाही.

तरी रतनचं फारसं काही गेलं नाही असं मी म्हणेन. गोविंदबाबांचं जे झालं ते जास्त वाईट.

गोविंदबाबा एकेकाळचे तांडेल, बोटीवरच्या खलाशांचे म्होरके. अर्धांगाने खाटेला खिळले होते. शाळेत भानूताईची सभा होती आणि तिचा रिवाज असा, की प्रत्येक घरातल्या कर्त्याला उभं करून एकच प्रश्न विचारायचा: पळायची वेळ आली तर तुमच्यातलं मागे कोण राहणार? उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं. इतर गावांत संस्थेची माणसं हेच गोड शब्दांत विचारायची, ‘घरात कुणाला मदतीची गरज आहे का’ म्हणून. भानूताई म्हणायची, तसं विचारलं की सगळे खोटं बोलतात. त्या दिवशी गोविंदबाबांनाही खुर्चीत बसवून आणलं होतं. त्यांच्या दोन मुलांना तिने उभं केलं. मोठा धाकट्याकडे बघायला लागला, धाकटा जमिनीकडे. सून पदराशी चाळा करत राहिली. भानूताईने त्यांना खाली बसू दिलं नाही. शेवटी म्हाताराच म्हणाला, “मीच राहणार, बाय. दुसरं कोण?”

मग ती उठली. मुलांना म्हणाली, बघा. खाली अंथरलेली चादर तिने काढली, बाबांना पाठीवर घेतलं, चादरीने स्वतःच्या अंगाशी बांधलं आणि तशीच सगळ्या आळीतून त्यांच्या घरापर्यंत चालत गेली. बाप किती हलका आहे हे मुलांना दाखवायचं होतं. ते दिसलंही. पण ज्या माणसाने वाऱ्यात चाळीस चाळीस हात जाळं ओढलं, तो एका बाईच्या पाठीवर पोरासारखा बांधलेला, लाळ गळतेय, डोळ्यांतून पाणी येतंय आणि ते पुसायला हात मोकळा नाही, हेही सगळ्या आळीने पाहिलं. त्यानंतर ते मुलांच्या हातचं नीट जेवले नाहीत. सुनेने भरवलं तर तोंड फिरवायचे. दिवाळीनंतर गेले, स्वतःच्या खाटेवर, आभाळात एक ढग नसताना. मुलं अजून म्हणतात, आमच्या बापाला तिने मारलं. भानूताईच्या कानावर ते घातलं तेव्हा ती म्हणाली, त्यांना उचलायला आता तरी शिकले का?

तिचं खरं भांडण मात्र बोटवाल्यांशी होतं. आमच्याकडच्या बोटींवर खलाशी असतात ते बहुतेक तलासरीच्या पाड्यांवरचे. भाताची कापणी आटोपली की उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत जातात. गावाच्या सभेत त्यांना कोणी बोलवत नाही. ते बोटीवर राहतात, बोटीवर जेवतात आणि वादळाचा बावटा लागला की बोटी खाडीत आणून नांगरल्यावरही दोघं-तिघं बोटीवरच ठेवले जातात. पाणी चढलं की दोर सैल सोडायला माणूस लागतो. दोर आखडला की बोट उलटते, नाहीतर शेजारच्या बोटीवर आदळते.

भानूताईने सगळ्या नाखव्यांना, म्हणजे बोटींच्या मालकांना, शाळेत बोलावलं. तिचा सख्खा धाकटा भाऊ हरेश त्यांच्यातलाच, त्याने नुकतीच बोटीला नवी मशीन बसवली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, की खलाशी जवान असतात, पट्टीचे पोहणारे असतात, त्यांना काय होतंय.

“म्हातारे वाऱ्याने मरतात,” भानूताई म्हणाली. “खलाशी मालकाने मरतो.”

हरेश उठून निघून गेला. दोघं एकाच घरात राहायची. पुढचे तीन खण त्याचे, मागची खोली तिची, मधे एक दार. आई मधेच, म्हणजे जेवायला मुलाकडे आणि झोपायला मुलीकडे. त्या रात्री आईने भानूताईला ताट वाढलं नाही, असं हरेशची बायको नयना मला नंतर सांगत होती.

मग ते वादळ आलं. पावसाळ्याआधी, बोटी अजून समुद्रात असताना. बावटा चढला, पोलीस येऊन भोंग्यावर ओरडून गेले, बोटी भराभर खाडीत शिरल्या. भानूताईने आळी रिकामी केली ती कशी हे मी पाहिलंय. शेवंतीकाकू म्हणाली, भात तेवढा होऊ दे. भानूताईने तांब्याभर पाणी तिच्या पेटत्या चुलीत ओतलं. ‘पोट’ पहिल्या टेम्पोत, ‘दमा’ तिच्या शेजारी. मास्तरांना त्यांची पुस्तकं घ्यायची होती, त्यांना तिने छत्रीने पुढे ढकललं. ऊन असताना, पान हलत नसताना, शिव्या देत आणि शिव्या खात तिने सगळी आळी शाळेच्या पक्क्या इमारतीत आणून कोंडली.

शाळेच्या दाराशी उभं राहून तिने एकेका नाखव्याला विचारलं, खलाशी कुठे? ज्याचे होते त्याने दाखवले. हरेशकडे त्या वेळी दोघे होते, विलास आणि त्याचा चुलता जानू, उधव्याकडच्या एका पाड्यावरचे. विलासला मी ओळखायची. बाजारात पोरांना कडेवर घेऊन आईस्कांडी खायला घालणारा. भानूताई त्याच्या घरी हादऱ्यांच्या कामासाठी जायची म्हणून तो तिला आत्या म्हणायचा. तिने त्याला कसलंही नाव ठेवलं नव्हतं. ठेवण्यासारखं त्याच्यात काही उणं नव्हतं.

हरेश म्हणाला, दोघेही सकाळच्या एसटीने घरी गेले. भानूताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, आयसची शपथ घे. आई तिथेच भिंतीला टेकून बसली होती. हरेशने आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली.

जी बाई कोणाच्या शब्दावर कधी पाऊल टाकायची नाही, तिने त्या एका शब्दावर दार लावून घेतलं.

दुपार कलताना वारा सुटला. पहिल्यांदा शाळेच्या मुतारीवरचे पत्रे गेले, मग समोरचं गुलमोहराचं झाड मुळासकट आडवं झालं. खिडक्यांना बाकं लावली होती. आत एवढी माणसं, पोरांची रड, ओल्या कपड्यांचा वास. बायकांनी आणलेल्या भाकऱ्या वाटायला घेतल्या. नयनाच्या मनात काही नव्हतं, तिला काही सांगितलेलंही नसावं. भाकरी मोडता मोडता ती सहज म्हणाली, त्या दोघांचा डबा सकाळीच बोटीवर दिला होता, आता संपला असेल.

नयनाच्या बाजूला भानूताईचा बहिरा कान होता. तिने मान वळवून दुसरा कान पुढे केला आणि म्हणाली, पुन्हा बोल. नयना पुन्हा बोलली आणि बोलता बोलता तिच्या ध्यानात आलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

भानूताई उठली आणि दाराकडे गेली. गोविंदबाबांचा मोठा मुलगा आडवा आला. तो म्हणाला, वारा चढला की कोणासाठीही दार उघडायचं नाही, तूच शिकवलंस. आत पोरं आहेत. दारामागे त्यांनी तीन बाकं रचली होती आणि वाऱ्याने तीही पुढेमागे हलत होती. दार एकदा उघडलं असतं तर पुन्हा लागलं नसतं, हे तिला त्या खोलीतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तिने कडीवर ठेवलेला हात काढला. फोन लावून पाहिला. फोन केव्हाच बंद पडले होते.

मग ती हरेशसमोर जाऊन बसली. मला वाटलं, मारते. तिने विचारलं, “दोर किती आहे?”

हरेशने सांगितलं.

“पुरा सोडला तरी?”

तो म्हणाला, पुरा सोडला तरी तेवढाच. नवा दोर आणायचा राहिला होता.

ती त्याला म्हणाली, म्हणजे भरती पुरी व्हायच्या आधी संपेल. एवढंच. ओरडली नाही. तिचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक ऐकला, आणि गंमत अशी की सगळ्या खोलीला तो ऐकू गेला. त्यानंतर आम्ही सगळे बसून राहिलो. भरती कधी पुरी होते हे आमच्या किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही कळतं, कोणाला घड्याळ बघावं लागत नाही. पोरं खाऊन झोपली. शेवंतीकाकू जप करायला लागली आणि मधेच थांबली. हरेशची आई डोळे मिटून होती, पण झोपलेली नव्हती. भानूताई भावाच्या समोर तशीच बसून होती, त्याच्या चेहऱ्यावरची नजर तिने हलवली नाही. केव्हातरी हरेश रडायला लागला. ती म्हणाली, अजून नाही. अजून थोडं पाणी चढायचंय.

असं बोलणारी बाई कोणाला आवडेल? मलाही त्या क्षणी तिचा तिटकारा आला. पण हेही खरं, की आमच्यातल्या प्रत्येकाला भरतीचं गणित येत होतं आणि बोलली ती एकटी.

उजाडल्यावर खाडीवर गेलो. बोटी एकमेकींवर चढून बसल्या होत्या. जानू तिवरांत सापडला, एका फांदीला हात गुंतवून, अंगाची सालटी निघालेली, पण जिवंत. विलास दोन बोटींच्या मधे होता. त्याला बाहेर काढायला फळ्या कापाव्या लागल्या.

सरकारी दवाखान्यातले सोपस्कार झाल्यावर प्रेत उधव्याकडे न्यायचं होतं. हरेशने टेम्पो दिला आणि सोबत सांगायची हकीकतही दिली: पोरगा एसटीने निघाला होता, वाटेत प्यायला आणि परत येऊन बोटीवर झोपला. भानूताई टेम्पोत मागे, प्रेताशेजारी बसली. तिच्यासोबत म्हणून मीही चढले.

हायवे ओलांडला की तिकडे वादळाचा काही मागमूस नव्हता. झाडं उभी, मोहाच्या फळांच्या टोपल्या दारात, ऊन स्वच्छ. विलासच्या आईचं नाव लाडकी. तिच्या घराच्या कुडाला हादऱ्यांनी चिरा गेलेल्या, म्हणून अंगणात कापडाचा मांडव घालून सगळे तिथेच राहत होते. भानूताईनेच ते शिकवलं होतं. प्रेत मांडवात उतरवलं. भानूताईने लाडकीला सगळं सांगितलं, काही न गाळता: तो प्यालेला नव्हता, माझ्या भावाने त्याला बोटीवर ठेवला, मला खोटी शपथ दिली, मी ती मानली, आणि कळलं तेव्हा दार उघडलं नाही. जेवढं सांगायची गरज होती त्याहून जास्तच सांगितलं. त्या आईला निदान आजच्या दिवसापुरतं काहीतरी मऊ हवं होतं असं मला वाटतं. ते द्यायचं भानूताईला जमलं नाही.

लाडकी ऐकत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, “तू सांगितलंस, भिंतीचा भरवसा धरू नका. आम्ही धरला नाही. आणि तू तुझ्या भावसाचा धरलास, बाय?”

परतताना भानूताई टेम्पोत मागेच बसली, प्रेत होतं त्या जागेशेजारी.

पुढे महिन्याभराने डहाणूला आमच्या आळीचा सत्कार झाला. किनाऱ्यावरच्या एवढ्या गावांत आमच्याकडे एकही माणूस दगावला नाही म्हणून. मंचावर फलक होता, त्यावर ‘शून्य जीवितहानी’ असं मोठ्या अक्षरात. संस्थेचे लोक होते, कोणी एक साहेब होते, शाल-श्रीफळ होतं. भानूताईला बोलावलं तेव्हा ती छत्री घेऊनच वर चढली आणि साहेबांना विचारलं, खाडीत मेलेला माणूस तुम्ही कोणत्या गावात धरता? साहेब भला माणूस होता. त्याने बाजूच्याला विचारून सांगितलं, की मयताचा रहिवास तलासरी तालुक्यातला, त्यामुळे तो तिकडच्या आकड्यात येईल. भानूताई म्हणाली, तिकडे वादळ नव्हतं. तिकडे विचारलं तर म्हणतात, किनाऱ्यावर मेला, किनाऱ्यावाल्यांना विचारा. साहेबांनी मान हलवली आणि हे नक्की तपासू म्हणाले. तोवर दुसऱ्या कोणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली होती. फोटोही निघाला. ती शाल तिने पायऱ्या उतरताना कठड्यावर ठेवली.

पोलिसांत तिने भावाविरुद्ध जबाब दिला. त्यानंतर तिच्यावर जे आलं ते मी थोडक्यातच सांगते, कारण त्यात नवल करण्यासारखं काही नाही. आईने जबाबात सांगितलं, कसली शपथ, मला आठवत नाही. नयनाने सांगितलं, डबा आदल्या दिवशीचा होता. आणि जानू, तिवरातून जिवंत निघालेला विलासचा सख्खा चुलता, त्याने सांगितलं की आम्ही दोघं आमच्या मनाने बोटीवर थांबलो, नाखवा नको म्हणत होता. त्याची स्वतःची दोन मुलं बोटींवर कामाला होती. तो खरं बोलला असता तर सगळ्या किनाऱ्याने त्यांना दारात उभं केलं नसतं. लाडकीकडे पंच गेले, तिनेही त्याच हकीकतीखाली अंगठा दिला. भानूताईचा जबाब तेवढा एकटा उरला, आणि एकट्या जबाबाला सूड म्हणतात. घराच्या वाटणीवरून भावावर उलटली, असं ठरलं.

संस्थेने तिला सांगितलं, की तुमच्यामुळे समाजाचा आमच्यावरचा विश्वास तुटतोय. थोड्याच दिवसांत तिचं काम संपलं. हरेशने मधलं दार विटांनी बुजवलं. आई पलीकडे राहिली. म्हातारी गेली तेव्हा भानूताईला भिंतीपलीकडचं रडणं ऐकून कळलं. ती पुढच्या दाराने आत गेली, तर बायकांनी तिला पायांपाशी जागा दिली नाही. ती अंगणात उभी राहिली आणि तिरडी उचलल्यावर घरी आली. मी तिच्याकडे भाकरी घेऊन गेले होते. तिने विचारलं, शेवटी श्वास लागला होता का गं? मी म्हटलं, नाही, झोपेत गेली. ती म्हणाली, अंगणवाडी, तुला खोटं बोलता येत नाही, तू बोलत जाऊ नकोस.

तिला मी अखेरचं पाहिलं ते पुढच्या वादळाच्या वेळी. नंतर ती गाव सोडून गेली, कोणी म्हणतं सिल्व्हासाला, कोणी म्हणतं उधव्याच्या बाजूला. मी शोधायला गेले नाही.

त्या सकाळी बावटा लागला होता. आता आळी रिकामी करायचं काम माझ्यावर आणि ग्रामसेवकावर आलं होतं. मी धक्क्यावर गेले तर नाखवे आपणहून खलाशांना बोटींवरून उतरवून आणत होते. दयेने नव्हे. एकदा पोलिसांची पायरी चढावी लागली होती, ती कोणी विसरलं नव्हतं. भानूताई धक्क्याच्या टोकाला उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. हरेशची माणसं लहान होडीतून किनाऱ्याला आली. होडी वल्हवायला जानूच होता. माणसं उतरल्याबरोबर भानूताई त्या होडीत बसली आणि जानूला म्हणाली, बोटीवर ने, मला बघायचंय.

जानूने हरेशकडे पाहिलं. हरेशने अडवलं नाही. जानूने तिला बोटीपाशी नेलं. पन्नाशी ओलांडलेली ती बाई साडी खोचून, बोटीच्या कडेला लटकवलेल्या टायरांना धरून कशीबशी वर चढली. तेवढ्यात हरेशने धक्क्यावरून हात हलवून जानूला परत बोलावलं, आणि तो आला, तिला तिथेच ठेवून.

वारा सुरू झाला होता. खाडीचं पाणी काळपट दिसायला लागलं होतं. धक्क्यावर आळीतली बरीच माणसं होती, रतन होती, गोविंदबाबांचे दोन्ही मुलगे होते. सगळ्यांनी पाहिलं. मी हरेशला म्हटलं, तिला आणायला होडी पाठव. तो म्हणाला, तिला बघायचं होतं ना, बघू दे पोटभर. कोणी हसलं. कोणी पुढे झालं नाही.

तिकडे भानूताईने मशीनच्या खोलीत डोकं घालून पाहिलं. मासे ठेवायच्या खणाचं झाकण उचललं, आत वाकली, झाकण परत बसवलं. ताडपत्री उचकटून पाहिली. सगळं बघून झाल्यावर वळली तेव्हा तिला होडी दिसली नाही. तिने धक्क्याकडे पाहिलं. हाक मारली नाही. छत्री दोन्ही हातांनी समोर टेकवून ती बोटीच्या मधोमध उभी राहिली, आणि आम्ही इकडे उभे होतो. बोट दोराला हिसके द्यायला लागली होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. जानू आमच्यातून निघाला आणि होडीकडे चालायला लागला. हरेश म्हणाला, “जानू, गेलास तर पुढच्या हंगामाला येऊ नकोस.” जानूने ऐकलं. क्षणभर थांबलाही. मग होडी पाण्यात ढकलली.

वाऱ्याविरुद्ध तो कसाबसा तिथे पोचला. ती होडीत उतरताना काय बोलली ते सगळ्या खाडीला ऐकू आलं: कोणी सांगितलं तुला या वाऱ्यात परत यायला, गाढवा, मरायचंय का? जानू खाली मान घालून वल्हवत होता. ती दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली होती. दोघांच्याही अंगावर पाणी उडत होतं.

होडी चिखलाला लागली. भानूताई गुडघाभर चिखलात उतरली, कोणाचा हात न धरता वर आली आणि हरेशच्या इतक्या जवळून गेली की तिचा ओला पदर त्याच्या हाताला घासला. ती थांबली नाही. पुढे नितीन उभा होता, त्याची बोट अजून खाडीच्या तोंडाशी होती. तो आपण होऊन सांगायला लागला, की ताई, माझे सगळे खलाशी वर आलेत.

“बोलू नकोस,” तिने त्याला छत्रीने ढोसलं. “दाखव.”